सगळ्यांना अस्वल, मला नाही

आत्या,

तुझ्या तेराव्याला सगळ्यांत जास्त कोमल रडली. मी चहा देत होते.

तीर्थपुरीच्या तुझ्या घरासमोर मांडव घातला होता. बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि शेजारची कोमल अगदी तुझ्या फोटोसमोर. "आत्या वो, आता मला कोन म्हनंल सुई ओव म्हून," असं म्हणत ती हुंदके देत होती. तुझ्या जावेनं तिला जवळ घेतलं. माझ्या आईनं तिला पाणी दिलं. शेवटी बाबा उठले. तुझा भाऊ गं, ज्यानं माझ्या डोक्यावरून कधी हात फिरवल्याचं मला आठवत नाही, तोच. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रडू नको पोरी. तू लई केलं तिचं."

मी ट्रे घेऊन उभी होते. एका म्हाताऱ्या बाईनं माझ्याकडे बघत शेजारणीला विचारलं, "ही कोन?"

"भावाची पोरगी. जालन्याची. इंग्लिश मिडियमला होती."

"हां," म्हातारी म्हणाली, आणि कप घेतला. मी का रडत नाही, हे तिला तेवढ्यात कळलं असावं.

मला रडायला येत नव्हतं असं नाही. जागाच शिल्लक नव्हती. सगळी कोमलनं घेतली होती. आणि ती तुला आत्या म्हणत होती. आधी काकू म्हणायची, मला चांगलं आठवतं. मग एका सुट्टीत मी आले तर आत्या म्हणत होती, आणि तू ओ देत होतीस. तुला एकच भाऊ, त्याला मी एकटीच. तो शब्द जगात फक्त माझ्याकडे होता. तू तो तिला देऊन टाकलास, मला न विचारता. टेडी शिवायचा नादसुद्धा तसाच देऊन टाकलास. तो तर तुझ्या घरात मीच आणला होता.

मामा, म्हणजे तुझे यजमान, गेले त्या उन्हाळ्यात मला तुझ्याकडे सोबतीला पाठवलं होतं. विचित्र सोबत होती ती. तू बोलणं सोडलं होतंस आणि मी कधी सुरूच केलं नव्हतं. आपण भाकरी खायचो, भांडी घासायचो, दुपारी पंख्याखाली पडायचो. मामांचं चॉकलेटी ब्लँकेट तू ना वापरत होतीस, ना कुणाला देत होतीस. खाटेवर घडी करून ठेवलेलं असायचं आणि कुणी त्यावर बसलं की तू चिडायचीस. एका दुपारी मी म्हटलं, "याचा टेडी होईल." त्या दिवशी मी बोललेलं बहुतेक ते एकच वाक्य.

"टेडी म्हंजी?"

"अस्वल."

तू माझ्याकडे बघितलंस, ब्लँकेटकडे बघितलंस, आणि मामा गेल्यानंतर पहिल्यांदा हसलीस. "मामाचं अस्वल! बराबर हाय. घोरायचे बी तसेच."

शाळेत हस्तकलेच्या तासाला शिकले होते तसं मी वर्तमानपत्रावर आकार काढून दिले. डोकं, पोट, चार पाय, दोन कान. कापड उलटं करून शिवायचं, एक बाजू मोकळी ठेवायची, तिथून कापूस भरायचा, हे सगळं मी तुला दाखवलं. मी माझा टेडी अगदी शिकवल्यासारखा केला. टाके एका मापाचे, कान एका रेषेत. तुझ्याचा एक कान वर, मान जाड, आणि डोळे इतके खाली की तो सारखा काहीतरी शोधतोय असं वाटायचं. कोमल तेव्हा नववीत होती. ताकाची वाटी द्यायला आली, दोन्ही अस्वलं बघितली आणि तुझं उचलून छातीशी धरलं. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हे अगदी दुकानातलं दिसून राह्यलंय."

तिनं कौतुकच केलं होतं. मला अजूनही लागतं.

त्यानंतर तुला वेडच लागलं. जुन्या शाली, गोधड्यांचे तुकडे, कुणाचा फाटका कोट, हाताला लागेल त्याचं अस्वल. पिंजलेला कापूस संपला, तेव्हा तू शेजारच्या शेतातून वेचून आणलेला कापूस सरकीसकट तसाच भरून टाकलास. मी फोनवर म्हटलंही, आत्या, बिया काढ. तू म्हणालीस, "कोन बघतंय आत?" ते अस्वल पोस्टाजवळच्या घरातल्या तान्ह्या मुलीला दिलंस. ती त्याच्यावर मुतली. तिच्या आईनं ते धुतलं आणि न्हाणीच्या मागे ठेवून विसरून गेली. पुढचं मी स्वतः बघितलं, कारण मी तेव्हा आले होते. कोमल ते अस्वल पायाला धरून पळत आली. "आत्या! आत्या! तुमच्या अस्वलाच्या काखंत कोंब फुटलाय!"

खरंच फुटला होता. दोन हिरवी पानं. तू इतकी हसलीस की भिंतीला टेकून खाली बसलीस, आणि कोमल तुझ्या मांडीवर डोकं ठेवून हसत होती. मीही हसले, दाराजवळ उभी राहून. मला तिच्या जागी बसायचं होतं. पण असं कुणाच्या मांडीवर जाऊन पडायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

कुणीही तो प्रकार लपवला असता. तू त्यातून नवीन रीत काढलीस. कापूस पिंजलेलाच घ्यायचा, पण सरकी फेकायची नाही. ती तव्यावर चांगली भाजायची, म्हणजे उगवायची नाही, आणि कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याबरोबर छोट्या थैलीत शिवून पोटात ठेवायची. "पोटात वजन पाहिजे," तू म्हणायचीस. "हातात घेतलं की कोनीतरी आल्यासारखं वाटलं पाहिजे." ते खरं होतं. तुझं अस्वल मांडीवर घेतलं की ते बसायचं. माझे टेडी नुसते असायचे.

आणि मग ती भीतीची अट.

तुझ्या लहानपणी दरवेशी गावात अस्वल घेऊन यायचा. घाबरणाऱ्या मुलांना अस्वलाच्या पाठीवर बसवायचे, म्हणजे भीती जाते. तू बसली होतीस. "केस लई राठ, पर पाठ कशी गरम गरम," हे तू मला किती वेळा सांगितलंस. बाबांना बसवायला नेलं तर ते आजोबांच्या हाताला चावून पळाले आणि ज्वारीच्या पोत्यांमागे लपले. "म्हून तुजा बाप आजून भितो," तू म्हणायचीस. बाबा कशाला भितात हे मी कधी बघितलं नव्हतं. मला वाटायचं, तू गंमत करतेस. ते दरवेशी आता येत नाहीत. बरंच झालं, त्या जनावरांच्या नाकात वेसण असायची. पण तू म्हणायचीस, अस्वलं गेली आणि भीती तेवढी ऱ्हायली, मंग लोकांनी करायचं काय?

म्हणून तुझं अस्वल कुणालाही मिळायचं नाही. मागणाऱ्यानं घरातलं कापड आणायचं आणि समोर बसायचं. तू पोटाची शिवण मोकळी ठेवायचीस, कापसाचा पहिला पुंजका हातात घ्यायचीस आणि त्या माणसाकडे न बघता विचारायचीस, "कशाची भीती वाटती?" ते सांगतील तसतसा तू कापूस भरायचीस. सांगून झालं की पोट शिवून टाकायचीस. बटणांचे डोळे सगळ्यात शेवटी.

लोक सांगायचे, आत्या. आपल्याच घरात न बोलणारे लोक तुला सांगायचे. ट्रॅक्टर उलटल्यापासून बांधावर चढायला घाबरणारा तो मोठा, मिशीवाला माणूस. नावं विसरायला लागलेले गुरुजी. सासू ओरडत नाही, नुसती गप्प बसते, म्हणून घाबरलेली नवी सून. तिनं माझ्याकडे बघून आवाज खाली आणला, तेव्हा तू म्हणालीस, "बोल तू बिनघोर. ही आमची मिनू. ही कुनाला सांगत न्हाई. हिला सोताचंच सांगायचं होत न्हाई."

मी कोपऱ्यात सुयांमध्ये दोरे ओवत बसलेली असायचे. सगळ्यांच्या भीती मी ऐकल्या. आणि दर वेळी एकच वाटायचं, आता हे माणूस उठेल आणि तू माझ्याकडे वळशील.

एकदाच मी विषय काढला. सरळ नाही, मला सरळ येत नाही. म्हटलं, "मी पण कधी अस्वलावर बसले नाही."

"तुला गरज न्हाई," तू दोरा दातानं तोडत म्हणालीस.

"का?"

"तू भीत न्हाईस बिलकुल. चार वर्षांची असशील, दवाखान्यात नेल्तं. बाकीची लेकरं बोंबलून राह्यली आणि तुला सुई टोचली तर हूं की चूं न्हाई. डाक्टर म्हनला, ही पोरगी वाघीन हाय."

ही गोष्ट तू सगळ्यांना सांगायचीस, अभिमानानं. मी कधी मध्ये बोलले नाही. आत्या, मला तो दवाखाना आठवतो. मी रडले नाही कारण मला आवाजच फुटला नव्हता. ओरडायला तोंड उघडलं होतं आणि आतून काही आलंच नाही. मला वाटलं होतं, मी मेले. ते तुम्ही सगळ्यांनी धाडस म्हणून माझ्या नावावर लावून टाकलं, आणि पुढे ज्या ज्या वेळी मी गप्प राहिले, त्या त्या वेळी ते वाढतच गेलं.

कोमलला मात्र अस्वल मिळालं. त्या दिवशी मी होते. तिनं तिच्या आईची जुनी शाल आणली, समोर मांडी घातली, तू विचारलंस, आणि ती म्हणाली, "मला भीती वाटती की आत्या, तुम्ही मेल्या तर?"

मी दोरा ओवत होते. तो माझ्या हातातून सुटला. ती माझी भीती होती. किती दिवस मी ती घेऊन तुझ्या घरी येत होते आणि तशीच परत नेत होते. ही मुलगी आली आणि मांडी घालून बोलून मोकळी झाली! तू म्हणालीस, "मरनार तर हायच की गं येडे. मंग तू बनव अस्वलं." आणि कापूस भरत राहिलीस. एकच भीती दोनदा सांगता येत नाही. निदान मला तरी नाही.

तू गेलीस तेही तिलाच आधी कळलं. सकाळी तुझा चहा उतू जाऊन गॅस विझल्याचा वास तिच्या घरापर्यंत आला. आम्ही जालन्याहून अंबडमार्गे पोचलो तोवर तिनं तुझे केस विंचरले होते.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर आईनं तुझं कपाट उघडलं. तुझ्या साड्यांमागे एक अस्वल निघालं. राखाडी शालीचं, पोट शिवलेलं, कान एक वर एक खाली. डोळे नव्हते. आई म्हणाली, "हे कुणाचं राहिलं गं?" मी हात पुसून पुढे झाले. मूर्खपणा होता, मला कळत होतं. ती शाल आमच्या घरातली होती, मी ओळखली होती. आमच्या घरातलं कापड, आणि तू ते साड्यांमागे जपून ठेवलेलं. आणखी कुणासाठी असणार?

कोमलनं नाक पुसलं आणि म्हणाली, "ते काकांचं हाय."

बाबा दारात उभे होते. आईनं विचारलं, "तुमचं?" ते बाहेर मांडवाकडे बघायला लागले.

"काका दिवाळीनंतर आल्ते ना," कोमल म्हणाली. "त्यांना हृदयाची तपासणी करायची भीती वाटती. ते नळी घालून करतात ती. डाक्टरनं सांगून ठिवलंय आन् ते पुढंच ढकलून राह्यलेत." मग तिला कळलं की आम्हाला हे माहीत नव्हतं. तिनं जीभ चावली. "मला वाटलं, घरी म्हाईत असंल."

घरी माहीत नव्हतं. बाबांनी ते तुला सांगितलं होतं, आणि तुझ्या खोलीतल्या कोपऱ्यात, माझ्या जागेवर, त्या दिवशी कोमल बसली होती. माझ्या बाबांची भीती तिला माहीत होती, मला नाही. आई खाटेवर बसली. मी अस्वल हातात घेतलं. ते जड होतं, बरोबर बसलं. खरं सांगते, मी तुमच्या तिघांचाही राग राग केला त्या क्षणी. ज्यानं तोंड उघडलं त्याचा, जिनं विचारलं तिचा, आणि जिनं ऐकलं तिचा.

बाबांनीच शेवटी शर्टाच्या बाह्यांची दोन्ही बटणं तोडली आणि कोमलसमोर धरली. तिनं तिथंच बसून डोळे लावले. खाली, तू लावायचीस तितके खाली. मला ते जमलं असतं, आणि मी ते एका रेषेत लावले असते. बाबा मोकळ्या बाह्यांनी, न्हाव्यासमोर बसल्यासारखे मान खाली घालून बसले होते.

परत निघताना त्यांनी अस्वल गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं. नेहमी तिथं मी बसते. आई आणि मी मागे बसलो. अंबड गेल्यावर बाबा समोर बघत म्हणाले, "सोमवारी अपॉइंटमेंट घेऊ." आई म्हणाली, "हं." मी मागून त्या जाड मानेकडे बघत होते. बाबांच्या नाही, अस्वलाच्या.

तुझ्यावर रागावून लिहायला बसले होते. पण एक सांगायला हवं, नाहीतर हे खोटं होईल. तुझं घर ही एकच जागा होती जिथं मला कुणी "बोल ना गं काहीतरी" म्हटलं नाही. आपण दोघी शेजारी बसून तासन् तास शिवत असू. मध्येच तू, "कात्री," मी, "ही घे." तेवढंच. जालन्याला परतताना मला दर वेळी वाटायचं की मी खूप बोलून आले. ते कुणाला समजावून सांगता येणार नाही. तुलाही सांगितलं नाही.

काल बाबांना तुझ्या घराच्या कागदांसाठी तीर्थपुरीला जायचं होतं. मी म्हटलं, मीपण येते. पिशवीत माझ्या शाळेचा मरून स्वेटर होता, बारावीनंतर कुठे तरी पडून राहिलेला. कोमल ओसरीवर कापूस निवडत होती. मी पिशवी तिच्यासमोर ठेवली.

"कुनाचं करायचं ताई?"

"माझं."

ती हसली नाही. स्वेटर उलगडून उन्हाकडे धरून बघत राहिली. "मला वाटायचं, तुमच्याकडं पहिल्यापासून असंल."

"नाही."

"काय सांगता!" मग कात्री शोधता शोधता ती म्हणाली, "खरं सांगू का? राग नका येऊ देऊ. तुमचा मला लई राग यायचा. तुम्ही येनार म्हनलं की आत्या घर झाडायला घ्यायची. मला म्हनायची, कोमे, आता मिनू हाय तवर जास्ती येऊ नको, तुजी टकळी चालू झाली की तिला धाक पडतो, तिला बोलायची भीती वाटती. म्हनलं, अशी कोन लागून गेली ही? मी तरी यायचेच. मुद्दाम यायचे."

म्हणजे तुला माहीत होतं. वाघीण वगैरे सगळं जगाला सांगायला होतं आणि तुला माहीत होतं. मग विचारलं का नाहीस, आत्या? विचारलं तर मी यायची बंद होईन असं वाटलं? की तुलाही कुणीतरी न घाबरणारं हवं होतं? दुपारभर मी हाच वाद तुझ्याशी घालत होते, आणि तू नेहमीसारखी दोरा दातानं तोडून मोकळी.

कोमलनं कापड कापलं, उलटं करून शिवलं. भराभर, बडबडत. तिच्या आईचे गुडघे, बाजारात चढलेला टोमॅटोचा भाव, मधमाशी चावलेली मांजर. पोटाची शिवण मोकळी ठेवल्यावर मात्र ती थांबली. कापसाचा पहिला पुंजका हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हां ताई. कशाची भीती वाटती?"

मी गप्प राहिले. खूप वेळ. तिनं घाई केली नाही. कोमल, जिला जेवतानाही गप्प बसवत नाही, ती पुंजका हातात धरून बसून राहिली. बाबा येऊन हाक मारून गेले. तिनं हातानंच त्यांना थांबा म्हटलं.

मग मी सांगितलं. आवाज फुटला.

काय सांगितलं, ते कोमलला माहीत आहे. तुला सांगणार नाही, आत्या. तू विचारलं नव्हतंस. आता थोडा तुलाही तिचा हेवा वाटू दे.